वर्गाध्यापनात ब्लॉगचा वापर : विद्यार्थी-लेखन आणि वाचकाचा प्रश्न

प्रस्तावना

पदवी अभ्यासक्रमाच्या काळात विद्यार्थी जे लेखन करतो त्याला बहुधा एकच वाचक लाभतो, आणि तो म्हणजे परीक्षक. गृहपाठ, चाचणी, प्रकल्प, सत्रान्त परीक्षेची उत्तरपत्रिका हे सर्व लेखन गुणांसाठी लिहिले जाते, गुणदानासाठी तपासले जाते आणि यथावकाश रद्दीत जमा होते. महाविद्यालयाच्या वार्षिक नियतकालिकात ज्यांचे लेखन छापून येते असे विद्यार्थी थोडे. उरलेल्यांच्या वाट्याला भित्तिपत्रकही क्वचितच येते. ग्रामीण भागातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याबाबत ही उणीव अधिक जाणवते. इंदापूर तालुक्यातील कळस, रुई, भिगवण या परिसरातून एस.टी.ने किंवा दुचाकीने बारामती-इंदापूरच्या महाविद्यालयात येणारा विद्यार्थी वर्गात अबोल राहतो, उत्तरपत्रिकेत मार्गदर्शिकेतील वाक्ये उतरवतो आणि पदवी घेऊन बाहेर पडतो. त्याच विद्यार्थ्याला पाटाच्या आवर्तनाविषयी, डाळिंबावरील तेल्या रोगाविषयी किंवा गावच्या यात्रेविषयी बोलते केले तर त्याला थांबवावे लागते. जे तो बोलू शकतो ते लिहिण्याची जागा अभ्यासक्रमात कोठे आहे, हा मराठीच्या अध्यापनातील कळीचा प्रश्न आहे.

'ब्लॉगर' ही सेवा १९९९ मध्ये सुरू झाली व २००३ मध्ये ती गूगलकडे आली. युनिकोडमुळे देवनागरीत लिहिणे सुलभ झाल्यावर मराठी ब्लॉगलेखनानेही गती घेतली. अध्यापनात ब्लॉगचा वापर करावा, असे तेव्हापासून चर्चासत्रांतून व उजळणी वर्गांतून सांगितले जात आहे. प्रस्तुत लेखात ब्लॉग कसा उघडावा याची कृती दिलेली नाही. ती विद्यार्थ्यांना प्राध्यापकांहून अधिक चांगली ठाऊक असते. ब्लॉगचा शैक्षणिक उपयोग म्हणून आज जे काही केले जाते त्यात विद्यार्थ्याचे लेखन कितपत आहे, आणि ते नसेल तर या साधनाचा आग्रह कशासाठी धरावा, या अंगाने येथे चिकित्सा केली आहे.

शिक्षकाचा ब्लॉग : फळा, कपाट आणि पुरावा

महाराष्ट्रात शिक्षकांच्या ब्लॉगना खरा बहर आला तो 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमानंतर. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने हा कार्यक्रम सुरू झाला, 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द रूढ झाला आणि प्राथमिक शिक्षकांनी मोठ्या हौसेने ब्लॉग उघडले. त्यांतील आशय पाहिला असता एक गोष्ट ध्यानात येते. शासन निर्णय, परिपत्रके, माहितीचे तक्ते, चाचण्यांचे नमुने, जयंती-पुण्यतिथीची भाषणे, सूत्रसंचालनाची वाक्ये असे त्यांचे स्वरूप असते. हे ब्लॉग निरुपयोगी आहेत असे मुळीच नाही. एखाद्या वाडीवरील शाळेतील शिक्षकाला ऐनवेळी हवा असलेला नमुना तेथे मिळतो व त्याचा तालुक्याचा एक हेलपाटा वाचतो. परंतु तो शिक्षकाने शिक्षकासाठी केलेला व्यवहार आहे. ज्या वर्गाच्या नावाने तो चालतो त्या वर्गातील मूल तेथे छायाचित्रापुरतेच दिसते.

महाविद्यालयीन स्तरावर हे चित्र निराळे असेल अशी अपेक्षा होती, ती फलद्रूप झाली नाही. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीच्या काळात अनेक प्राध्यापकांनी आपली टिपणे ब्लॉगवर चढविली. त्या काळाची ती निकड होती आणि त्यामागील कष्ट नाकारता येत नाहीत. मात्र वर्ग पूर्ववत सुरू झाल्यावरही ब्लॉगचे स्वरूप टिपणांच्या कपाटाचेच राहिले. यामागे संस्थात्मक कारणे आहेत. नॅकच्या मूल्यांकनात माहिती-तंत्रज्ञानाच्या साधनांचा वापर दाखवावा लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत ई-आशयनिर्मितीला गुण आहेत. अहवालात जोडता येईल असा दुवा हाताशी असणे ही प्राध्यापकाची व महाविद्यालयाची गरज झाली, आणि ब्लॉगने ती विनाखर्च भागविली. समितीची भेट आटोपल्यानंतर ज्यांवर एकही नवी नोंद पडली नाही असे ब्लॉग शोधण्यास फार श्रम पडत नाहीत.

एक तांत्रिक बाब जाता जाता नोंदविणे अवश्य आहे. मराठी विभागातील बरेच जुने साहित्य श्री-लिपी, कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व टंकांत साठविलेले आहे. ते ब्लॉगवर चिकटविले की अक्षरांऐवजी रोमन चिन्हांचा कचरा उमटतो. त्यामुळे अनेकांनी त्या पानांच्या प्रतिमा चढविल्या. अशा पानांवरील मजकूर शोधयंत्राला सहसा सापडत नाही आणि विद्यार्थ्याला भ्रमणध्वनीवर नीट वाचताही येत नाही. परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. ते न करण्याचे कारण तंत्रज्ञानात शोधू नये.

येथे आक्षेप आळसावर नाही. ब्लॉग हे मुळात नोंदी लिहिण्याचे आणि त्यांवर वाचकाचा प्रतिसाद घेण्याचे साधन. वर्गात मात्र लिहिणारा प्राध्यापक आणि उतरवून घेणारा विद्यार्थी ही जुनीच रचना त्यावर जशीच्या तशी बसविली गेली. फळा बदलला, खडू कोणाच्या हाती हे बदलले नाही.

ब्लॉगपूर्व परंपरा : पुणे, अमळनेर आणि बार-स्युर-लू

वर्गातील लेखन वर्गाबाहेरील वाचकापर्यंत पोहोचविण्याची कल्पना आंतरजालाबरोबर आलेली नाही. तिचे मराठीतील सर्वांत ठळक उदाहरण पुण्यातच सापडते. महात्मा फुले व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'च्या दोन अंकांतून प्रसिद्ध झाला. 'ज्ञानोदय' हे १८४२ मध्ये तत्कालीन अहमदनगर येथे सुरू झालेले मिशनऱ्यांचे नियतकालिक होते. धर्माचा अधिकार कोणाला, वेद कोणाचे, पेशवाईत आपल्या लोकांचे काय झाले, बाळंतपणात आपल्या स्त्रियांची काय दशा होते, असे प्रश्न त्या मुलीने उपस्थित केले. आज या निबंधाचा विचार दलित साहित्य व स्त्री-लेखन यांच्या इतिहासात होतो आणि ते योग्यच आहे. तथापि अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने त्याकडे फारसे पाहिले गेलेले नाही. वर्गात निबंध अनेकजण लिहितात. हा निबंध वहीत न राहता छापखान्यापर्यंत गेला, आणि ज्या समाजाला तो उद्देशून होता त्या समाजाच्या हाती पडला. लिहिणारीला सांगण्यासारखे काही होते, वाचकाला ते ऐकणे भाग पडले, आणि मध्ये अशी एक शाळा होती जिने ते लेखन केवळ शुद्धलेखन तपासून परत केले नाही.

दुसरे उदाहरण साने गुरुजींचे. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना त्यांनी छात्रालयातील मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' हे हस्तलिखित चालविले. पुढे १९२८ मध्ये 'विद्यार्थी' हे मासिकही काढले. 'छात्रालय दैनिका'ला आजच्या भाषेत शिक्षकाचा ब्लॉग म्हणण्यास हरकत नाही. एका शिक्षकाने, ठरावीक वाचकांसाठी, ताज्या प्रसंगांना धरून केलेले ते नियमित लेखन होते. त्यात आणि आजच्या टिपण-ब्लॉगमध्ये मुख्य फरक वाचकाचा आहे. गुरुजींना आपला वाचक नावानिशी ठाऊक होता. तो त्याच छात्रालयात राहत होता आणि कालच्या मजकुराचा परिणाम आज त्याच्या वागण्यात दिसत होता. मात्र या उदाहरणाची मर्यादाही सांगितली पाहिजे. 'छात्रालय दैनिक' हा प्राधान्याने शिक्षकाचा आवाज होता. साने गुरुजींचे नाव घेऊन शिक्षकाच्या एकतर्फी लेखनाचे समर्थन करणे सोपे आहे. त्यांच्याइतके रोज लिहिणे तेवढे सोपे नाही.

विद्यार्थ्याच्या हाती छपाई देण्याचा प्रयोग त्याच दशकात फ्रान्समध्ये झाला. सेलेस्तीं फ्रेने हे दक्षिण फ्रान्समधील बार-स्युर-लू या खेड्यात शिक्षक होते. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला झालेल्या जखमेमुळे त्यांना वर्गात फार वेळ बोलणे जमत नसे. १९२४ मध्ये त्यांनी वर्गात लहानसे मुद्रणयंत्र आणले. मुलांनी आपल्या अनुभवावर लिहावे, वर्गाने त्यातून निवड करावी, निवडलेला मजकूर सर्वांनी मिळून दुरुस्त करावा आणि खिळे जुळवून छापावा अशी त्यांची रीत होती. १९२६ पासून ही पाने त्रेगँक या ब्रिटनीतील समुद्रकाठच्या गावातील शाळेकडे जाऊ लागली आणि तिकडील पाने इकडे येऊ लागली. डोंगराळ भागातील मुलांना कोळ्यांच्या मुलांचे जीवन कळले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपल्या गावात सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट बाहेरच्याला सांगताना नीट मांडावी लागते, हे त्यांना कळले. ब्लॉगच्या शैक्षणिक वापराविषयी आज जे काही सांगितले जाते त्यातील सारभूत भाग या एका खेड्यातील शाळेने खिळे जुळवून करून दाखविला होता. त्यामुळे चांगला संगणक-कक्ष नाही म्हणून हे जमत नाही, या सबबीचे वजन कमी होते.

कळसचा विद्यार्थी काय लिहील?

अभ्यासक्रमातील कवितेचे रसग्रहण ब्लॉगवर टाकावयास सांगितल्यास विद्यार्थी ते कोठून तरी उतरवून टाकतो. २०२२ च्या अखेरीस संवादी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वांना खुली झाल्यापासून उतरविण्याचेही कष्ट उरलेले नाहीत. म्हणून विषयाची निवड हाच या उपक्रमाचा निर्णायक भाग ठरतो. ज्या गोष्टीचा विद्यार्थी स्वतः साक्षीदार आहे आणि जिचा दुसरा साक्षीदार ते लेखन वाचणार आहे, तीच गोष्ट येथे कामास येते.

या दृष्टीने इंदापूर-बारामतीचा जिरायत व बागायत पट्टा विलक्षण संपन्न आहे. दिवाळीच्या पाडव्याला रुई येथे बाबीर देवाची यात्रा भरते. जून-जुलैत तुकोबांची पालखी तालुक्यातून जाते व बेलवाडीत गोल रिंगण होते. हिवाळ्यात उजनीच्या पाणफुगवट्यावर भिगवण-कुंभारगावकडे रोहित पक्षी येतात आणि त्यांच्यामागून पर्यटकांच्या गाड्या. याच पाण्याखाली धरण बांधताना उठलेली गावे आहेत. त्या गावांची आठवण सांगणारी पिढी आता वृद्ध झाली आहे. भवानीनगरच्या कारखान्याचा गळीत हंगाम, ऊसतोड मजुरांच्या कोप्या, नीरा डाव्या कालव्याची पाळी, लाकडी-निंबोडी उपसा सिंचन योजनेची वर्षानुवर्षे चाललेली चर्चा हे सर्व विद्यार्थ्याच्या घरात बोलले जाते. चारी, दारे धरणे, पाटकरी, खोडवा, आवर्तन हे शब्द त्याला अर्थासह ठाऊक असतात. मराठीच्या वर्गात मात्र हे शब्द कधी उच्चारले जात नाहीत, आणि तो आपल्याला मराठी येत नाही असे समजून बसतो.

समजा, कळसच्या एखाद्या विद्यार्थिनीने आजीकडून ऐकलेल्या बाबीरच्या यात्रेच्या आठवणी लिहिल्या. प्राध्यापकाला त्यातील तपशील तपासता येणार नाही, कारण तो बहुधा परगावचा असतो. रुईच्या वाचकाला मात्र येईल. कोणता मान कोणाचा, गजी नाचणारे कोणत्या वाडीचे, ढोल कोठून निघतो, यातील चूक तो खपवून घेणार नाही. तिला पुन्हा आजीकडे जावे लागेल, विचारावे लागेल, दुरुस्त करावे लागेल. संशोधनपद्धतीच्या तासाला साधनांची पडताळणी या मथळ्याखाली जे शिकविले जाते ते येथे गरज म्हणून घडते. यंत्राने तयार केलेला मजकूर अशा वाचकापुढे फार काळ टिकत नाही, हा आणखी एक लाभ.

भाषेचा मुद्दा यातूनच निघतो. असे लेखन प्रमाणभाषेत असावे की बोलीत, यावर विभागांत वाद होतात. आजीचे बोलणे आजीच्या शब्दांत आणि त्याभोवतीचे निवेदन प्रमाणभाषेत, ही रीत ग्रामीण कथा-कादंबरीने मराठीत कधीच प्रतिष्ठित केली आहे. ती विद्यार्थ्यासही साधते. शुद्धलेखनाची दुरुस्ती मात्र लेख प्रसिद्ध होण्यापूर्वी व खासगीत व्हावी. प्राध्यापकाने प्रसिद्ध लेखाखाली सर्वांसमक्ष ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढल्या तर तो विद्यार्थी पुन्हा लिहीत नाही. गूगलच्या आवाजी टंकलेखनात २०१७ पासून मराठीचा समावेश आहे. टंकलेखनाला बिचकणाऱ्यास पहिला खर्डा बोलून करता येतो. असा खर्डा विस्कळीत असतो, त्यास विरामचिन्हे नसतात. पण तो त्याचा स्वतःचा असतो, आणि संपादन शिकविण्यासाठी याहून चांगली सामग्री मिळणे कठीण.

प्रसिद्धीची किंमत

लेखन सार्वजनिक झाले की त्याची किंमतही मोजावी लागते, आणि ब्लॉगच्या समर्थनात या बाबीस बहुधा एका वाक्यात वाटेला लावले जाते. फ्रेने यांच्या बाबतीत काय घडले हे लक्षात घेण्यासारखे आहे. पुढे सेंट-पॉल येथील शाळेत असताना एका मुलाने आपले स्वप्न लिहिले, त्यात गावच्या महापौराला मारल्याचा उल्लेख होता. विरोधकांनी तोच मजकूर भिंतींवर लावला आणि त्या वादात १९३३ मध्ये फ्रेने यांना ती शाळा सोडावी लागली. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरील मजकुरासाठी दोन तरुणींना अटक झाली. त्यांपैकी एकीने केवळ पसंती दर्शविली होती. ज्या कलम ६६ अ चा तेव्हा वापर झाला ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले. कलम रद्द झाले तरी गाव तेथेच आहे. पाण्याच्या पाळीवर, जातीच्या मानपानावर किंवा हुंड्यावर गावाचे नाव घालून लिहिणाऱ्या मुलीला संध्याकाळी त्याच गावात परत जावयाचे असते. प्राध्यापक मात्र शहरात राहतो.

यावर सर्वच लेखन बंद दाराआड ठेवावे हा उपाय होऊ शकत नाही. मुक्ता साळवे यांचा निबंध त्या न्यायाने छापलाच गेला नसता. परंतु कोणते लेखन कोणापर्यंत जावे याचा निर्णय लिहिणाऱ्याचा असला पाहिजे. ब्लॉग ठरावीक वाचकांपुरता मर्यादित ठेवण्याची सोय उपलब्ध आहे. आरंभी तो वर्गापुरता असावा, मग दुसऱ्या एखाद्या महाविद्यालयाच्या वर्गाला खुला करावा, आणि सार्वजनिक प्रसिद्धी ज्याला हवी त्यालाच द्यावी. टोपणनावाची मुभा असावी. प्रथम वर्षाच्या काही विद्यार्थ्यांना अठरा वर्षे पूर्ण झालेली नसतात, कनिष्ठ महाविद्यालयात तर ती बहुतेकांना झालेली नसतात. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तींसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. विद्यार्थ्यांची नावे, हजेरी क्रमांक व छायाचित्रे यांची यादीच ब्लॉगवर लावण्याची सवय त्यामुळे सोडावी लागेल.

वाचणार कोण?

ही सर्व मांडणी एका साध्या हिशेबापाशी अडते. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गाने पंधरवड्याला प्रत्येकी तीनशे शब्द लिहिले तर अठरा हजार शब्द होतात. एका लेखाला पाच मिनिटे धरली तरी पाच तास वाचन झाले, आणि प्राध्यापकाकडे असा वर्ग एकच नसतो. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे सहायक प्राध्यापकास आठवड्याला सोळा तासांचे प्रत्यक्ष अध्यापन आहे. विद्यार्थ्यांचे लेखन वाचण्याचा वेळ या सोळा तासांत नाही. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाची स्थिती तर अधिक बिकट आहे. त्याला वर्गातील तासाचे मानधन मिळते. घरी बसून साठ लेख वाचल्याचे मिळत नाही. नवे उपक्रम मात्र बहुधा त्याच्याकडेच सोपविले जातात, कारण तो तरुण असतो, त्याला संगणक येतो आणि त्याला नाही म्हणता येत नाही. राज्यात प्राध्यापकांची पदे रिक्त ठेवून तंत्रज्ञानाद्वारे गुणवत्तावाढीची भाषा करणाऱ्या धोरणात ही विसंगती आहे, आणि ब्लॉगविषयीच्या चर्चासत्रांत ती उच्चारली जात नाही.

भार हलका करण्याचे काही मार्ग आहेत. वर्गाचे पाच गट करून एका पंधरवड्यास एकाच गटाने लिहावे आणि उरलेल्यांपैकी प्रत्येकाने दोन लेख वाचून त्यांवर चार ओळींचा अभिप्राय द्यावा. यामुळे प्राध्यापकाच्या वाट्याला पंधरवड्याला बारा लेख येतात, म्हणजे एका तासाचे वाचन. 'छान', 'अप्रतिम' अशा अभिप्रायांचे पीक येऊ नये म्हणून अभिप्रायात एक प्रश्न असलाच पाहिजे, असा नियम घालता येतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या आराखड्यात शंभरपैकी तीस गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत. गृहपाठाच्या जागी हे लेखन ग्राह्य धरले तर नवा भार न चढता जुनाच भार अर्थपूर्ण होतो. या तीस गुणांतील काही अभिप्रायासाठी राखावेत, कारण चांगला वाचक होणे हेही मराठीच्या अभ्यासक्रमाचे काम आहे.

उरतो प्रश्न मालकीचा. असे ब्लॉग प्राध्यापकाच्या व्यक्तिगत खात्यावर उघडले जातात. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाची नेमणूक सत्राअखेर संपते, कायम प्राध्यापकाची बदली होते, परवलीचा शब्द त्यांच्याबरोबर जातो आणि विद्यार्थ्यांचे लेखन तेथेच अडकते. खात्यावर विभागाचे नाव असावे व प्रत्येक विद्यार्थ्याला आपला लेख केव्हाही काढून घेता यावा. परकीय कंपनीच्या मोफत जागेचा भरवसाही धरू नये. याहूची जिओसिटीज ही सेवा २००९ मध्ये बंद झाली तेव्हा तीवरील असंख्य पाने एका रात्रीत दिसेनाशी झाली. वर्षअखेरीस निवडक लेखांच्या छापील प्रती काढून एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, आणि लिहिणाऱ्यांची संमती असल्यास एकेक त्यांच्या गावच्या वाचनालयात किंवा शाळेत ठेवावी. ज्या आजीने यात्रेची आठवण सांगितली तिच्या हाती भ्रमणध्वनी असेलच असे नाही. छापलेले पान नात तिला वाचून दाखवू शकेल.